सवलतीचा दर आणि समानतेचा हक्क

एका तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत सदस्यांसाठी भरलेल्या प्रशिक्षण वर्गास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास काही महिन्यांपूर्वी आला. समानतेच्या हक्कावरील व्याख्यान संपले, शंका विचारण्यास सांगण्यात आले आणि नेहमीप्रमाणे काही वेळ कोणीच बोलेना. मग मागच्या रांगेतून एक वयस्क सदस्य उठून म्हणाले, "साहेब, संविधानापुढे स्त्री-पुरुष सारखे, असे आपण सांगितलेत. मी सकाळी एस. टी.ने आलो. शेजारी बसलेल्या बाईंना अर्धे तिकीट, मला पुरे. हा भेदभाव नव्हे काय? आणि तो सरकारला चालतो, तर आमच्या पंचायतीच्या सभागृहाला का चालू नये?"

वर्गात हशा पिकला. व्याख्यात्यांनी प्रश्नाच्या पूर्वार्धाचे उत्तर दिले. उत्तरार्ध मात्र चहाच्या सुट्टीत तसाच राहून गेला.

त्यामागची हकिकत चहा घेताना कळली. गावाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. पंचायतीने बांधलेल्या सभागृहाचे लग्नकार्यासाठी भाडे ठरविताना एक ठराव झाला होता : गावकीतील कुटुंबांस दोन हजार रुपये, इतरांस पाच हजार. गावकी म्हणजे गावातील जुनी घराणी. ती सारी दोन-तीन जातींची. 'इतरां'मध्ये वस्तीवरील नवबौद्ध व मातंग कुटुंबे, पंधरा-वीस वर्षांपूर्वी येऊन स्थायिक झालेली धनगरांची काही घरे आणि शाळेतील एक शिक्षक. वस्तीवरील एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी पाच हजार रुपये भरले आणि पावती घेताना विचारले, "आमची तिसरी पिढी या गावात आहे. आम्ही इतर कसे?" कोणी त्यांना सभागृह नाकारले नव्हते. कोणी अपशब्दही वापरला नव्हता. पंचायतीचे म्हणणे एवढेच होते, की आम्ही कोणाकडून जास्त घेतलेले नाही, काहींना फक्त सवलत दिली आहे.

विशिष्ट गटाला दिलेली सवलत हा उरलेल्यांवर केलेला बेकायदेशीर भेदभाव ठरतो काय, हा प्रश्न इतका साधा दिसतो की त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात मिळावे असे वाटते. तसे ते मिळत नाही. परंतु उत्तर शोधण्याची वाट पुरेशी स्पष्ट आहे, आणि पंचायतीचा ठराव लिहिणाऱ्याने, दरपत्रक मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने व नागरिकशास्त्र शिकविणाऱ्या शिक्षकाने ती पाहून ठेवणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा पदवीधर नाही, हेही येथे नमूद केलेले बरे. तथापि संविधानाचा मजकूर सर्वांसाठीच लिहिलेला आहे.

अर्ध्या तिकिटाचा आधार

प्रथम एस. टी.चे तिकीट घेऊ. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्य परिवहन महामंडळाच्या सर्व प्रकारच्या बसगाड्यांत प्रवासभाड्यात पन्नास टक्के सवलत देण्यात आली. त्याआधी, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास विनामूल्य झाला होता. विद्यार्थ्यांचे सवलतीचे पास त्याहून कितीतरी जुने आहेत. या सवलतींचा भार शासन महामंडळास प्रतिपूर्तीच्या रूपाने देते.

संविधानाचा अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान या पाच कारणांची नावे घेतो आणि केवळ या कारणांवरून राज्याने कोणत्याही नागरिकाला प्रतिकूल असा भेदभाव करता कामा नये, असे पहिल्या खंडात सांगतो. येथेच थांबले तर त्या वयस्क सदस्यांचा मुद्दा बिनतोड ठरेल. पण त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष तरतूद करण्यास राज्याला मोकळीक देतो. या दोन खंडांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे संविधान अमलात आल्यानंतर लवकरच आला. नगरपालिकेत स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या जागांना आव्हान देण्यात आले होते. मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या खंडपीठाने दिलेला तो निर्णय १९५३ साली निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झाला. दोन्ही खंड एकत्र वाचले असता राज्य स्त्रियांच्या बाजूने फरक करू शकते, पुरुषांच्या बाजूने स्त्रियांविरुद्ध मात्र करू शकत नाही, असा त्याचा आशय होता. आज पंचायतींत निम्म्या जागांवर बसणाऱ्या सदस्या ज्या पायावर उभ्या आहेत, त्याच पायावर एस. टी.चे अर्धे तिकीटही उभे आहे.

याचा अर्थ ही सवलत टीकेच्या पलीकडची आहे असा नव्हे. शिवनेरीतून प्रवास करणाऱ्या सुस्थितीतील बाईंना अर्धे भाडे आणि लाल गाडीतून बाजाराला निघालेल्या भूमिहीन मजुराला पूर्ण भाडे, हे योग्य काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. विचारावाही. तो धोरणाचा प्रश्न आहे, विधानसभेत आणि चावडीवर चर्चिण्याचा. कायदेशीरपणाचा निकाल त्याने लागत नाही. प्रशिक्षण वर्गात या दोन प्रश्नांची गल्लत वारंवार होताना दिसते.

अनुसूचित जाती व जमाती आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासलेले वर्ग यांच्यासाठी विशेष तरतुदीची मुभा १५ व्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडात आहे. तो मूळ संविधानात नव्हता. मद्रास राज्यातील महाविद्यालयीन प्रवेशांच्या जातवार वाटणीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द ठरविल्यावर त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने तो घालण्यात आला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांविषयीचा सहावा खंड २०१९ सालचा. हे तीनही खंड राज्याला उद्देशून आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

पोहण्याच्या तलावाचा खटला

अशी मोकळीक ज्या कायद्यात नाही तेथे काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले. दक्षिण इंग्लंडातील ईस्टली या गावच्या नगर परिषदेचा पोहण्याचा तलाव होता. निवृत्तिवेतनाच्या वयास पोहोचलेल्यांना तेथे प्रवेश विनामूल्य असे. सरकारी निवृत्तिवेतनाचे वय त्या काळी स्त्रियांसाठी साठ व पुरुषांसाठी पासष्ट होते. १९८५ साली एक दांपत्य तेथे गेले. दोघेही एकसष्ट वर्षांचे. पत्नीस फुकट प्रवेश मिळाला, पतीस पंचाहत्तर पेन्स भरावे लागले.

पंचाहत्तर पेन्सची ही तक्रार थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. परिषदेचा हेतू वाईट नव्हता, उत्पन्न घटलेल्या वृद्धांना दिलासा द्यावयाचा होता, हे कोणी नाकारले नाही. परंतु हे गृहस्थ स्त्री असते तर त्यांना पैसे पडले असते काय, एवढा एकच प्रश्न निर्णायक आहे, असे बहुमताने ठरले आणि १९९० साली तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल परिषदेविरुद्ध गेला. चांगल्या हेतूने भेदभाव पुसला जात नाही, असा त्याचा मथितार्थ.

आपल्या रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत या प्रकाशात पाहण्यासारखी आहे. मार्च २०२० मध्ये ती थांबविण्यात आली. तोपर्यंत पुरुषांना साठाव्या वर्षापासून चाळीस टक्के आणि स्त्रियांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पन्नास टक्के सूट मिळत असे. वयातही फरक आणि टक्केवारीतही! ईस्टलीच्या कसोटीवर ही सवलत क्षणभरही टिकली नसती. आपल्याकडे ती वर्षानुवर्षे चालली, कारण आपल्या संविधानाने स्त्रियांसाठीच्या विशेष तरतुदीचे दार उघडे ठेवले आहे. तेव्हा परदेशातील निकाल जसाच्या तसा उचलून येथे लावणे किती फसवे असते, हे यावरून दिसेल.

अमेरिकेत तर एका राज्याचा न्याय दुसऱ्या राज्यात चालेनासा झाला. काही मोटार धुण्याच्या केंद्रांत आठवड्यातील एक दिवस 'महिला दिन' म्हणून स्त्रियांना कमी दर असे. कॅलिफोर्नियातील एका तरुणाने त्यास आव्हान दिले आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याच्या बाजूने निर्णय दिला. तेथील नागरी हक्क कायदा प्रत्येक व्यवसायसंस्थेने सर्व ग्राहकांना पूर्ण व समान सेवा द्यावी असे सांगतो, आणि किंमत हा सेवेचाच भाग होय, असे न्यायालयाने मानले. त्याआधी चारच वर्षे, १९८१ साली, वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बास्केटबॉल सामन्यांच्या 'महिला रात्री'ची अर्ध्या दराची तिकिटे वैध ठरविली होती, कारण त्या सवलतीने पुरुषांची कोणतीही खरी हानी झालेली त्यास दिसली नाही.

कॅलिफोर्नियाच्या निकालातील एक भेद मात्र आपल्यालाही उपयोगी पडेल. कोणाही ग्राहकाला मनात आणले तर पूर्ण करता येईल अशी अट घालून सवलत देण्यास न्यायालयाची हरकत नव्हती. कूपन आणा, विशिष्ट रंगाचा सदरा घालून या, सवलत घ्या. सदरा बदलता येतो. जन्माने आलेली ओळख बदलता येत नाही.

दुकानदार आणि 'शर्त' हा शब्द

आता बाजारपेठेत येऊ. कापडाच्या दुकानात ८ मार्चला महिलांना दहा टक्के सूट, पुस्तकाच्या दुकानात शिक्षकांना पंधरा टक्के, औषधांच्या दुकानात ज्येष्ठांना, खानावळीत विद्यार्थ्यांना. बँका ज्येष्ठांच्या ठेवीवर थोडे जादा व्याज देतात. यांपैकी बहुतेकांबाबत कायद्याला काही म्हणावयाचे नाही. वय, व्यवसाय, शिक्षण ही कारणे १५ व्या अनुच्छेदाच्या यादीत नाहीत. छापील कमाल किमतीहून अधिक घेण्यास वैधमापनशास्त्राच्या नियमांनी बंदी आहे. त्याखाली कोणास किती सोडावे, ही सामान्यतः विक्रेत्याची मर्जी. बाजारावर वर्चस्व असलेल्या उद्योगाने मात्र भेदभावाने किंमत लावली, तर स्पर्धा अधिनियम, २००२ खाली त्याची चौकशी होऊ शकते. गावातल्या किराणा दुकानाशी याचा संबंध नाही.

परंतु यादीतील पाच कारणांपैकी एखादे आले, की चित्र पालटते. १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड पहिल्यासारखा केवळ राज्यापुरता नाही. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेशाच्या बाबतीत केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकावर निःसमर्थता, दायित्व, निर्बंध किंवा शर्त लादली जाणार नाही, असे तो सांगतो. राज्याच्या पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबतही तेच. या चार शब्दांतील शेवटचा शब्द सहसा कोणी थांबून वाचत नाही. तुम्हाला प्रवेश आहे, पण तुमच्या जातीमुळे दर वेगळा : ही शर्त नव्हे तर काय?

'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, हा प्रश्न संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी निघाला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तरात स्पष्ट केले, की हा शब्द केवळ आत पाऊल टाकू देण्याच्या मर्यादित अर्थाने वापरलेला नाही. मागेल त्याला सेवा देण्यास जो बसला आहे, त्याच्याकडून सेवेच्या अटी मान्य करून सेवा मागण्याचा हक्क त्यात अभिप्रेत आहे. या स्पष्टीकरणाचा आधार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली घेतला. दिल्लीतील एका खाजगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशांविषयीच्या त्या खटल्यात 'दुकान' या शब्दाचा विस्तृत अर्थ स्वीकारण्यात आला आणि खाजगी सेवासंस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. याच्या उलट दिशेचा म्हणता येईल असा निर्णय २००५ सालचा आहे. पारशी समाजापुरते सभासदत्व ठेवणारी अहमदाबादेतील गृहनिर्माण संस्थेची उपविधी तेव्हा वैध ठरली. पण तेथे प्रश्न आपापसांत संस्था स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा होता, बाजारात बसून सर्वांना माल विकण्याचा नव्हता.

अस्पृश्यतेच्या बाबतीत तर संसदेने संदिग्धतेला जागाच ठेवली नाही. १९५५ च्या अधिनियमाला १९७६ च्या दुरुस्तीपासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव आहे. त्याचे सहावे कलम केवळ माल नाकारण्याविषयी बोलत नाही. नेहमीच्या व्यवहारात इतरांना ज्या वेळी, ज्या जागी व ज्या अटींवर माल वा सेवा दिली जाते, त्याच अटींवर ती देण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे, हा अपराध आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कारावास आणि दंडही. चहाचा वेगळा पेला जसा या कलमात येतो, तसा हजामतीचा वेगळा दरही येतो. 'त्यांना जादा लावत नाही, आमच्या लोकांना कमी लावतो' हा बचाव या कलमापुढे टिकावा असे त्याच्या शब्दांत काही आढळत नाही. २०१९ च्या उभयलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण अधिनियमानेही जनतेसाठी असलेल्या वस्तू व सेवा मिळण्याबाबत अशा व्यक्तींना अन्याय्य वागणूक देण्यास मनाई केली आहे.

मग ८ मार्चच्या दहा टक्क्यांचे काय? लिंग हे यादीतील कारण आहे, आणि तिसऱ्या खंडाची मोकळीक दुकानदाराला नाही, राज्याला आहे. शब्दशः पाहता आक्षेपाला जागा आहे. तरीही प्रस्तुत लेखकाचे मत असे, की वर्षातून एक दिवस दिलेल्या अशा सुटीमुळे पुरुषाच्या प्रवेशावर खरोखर काही निर्बंध आला, असे म्हणणे ताणून धरल्यासारखे होईल. दुकान त्याला खुले आहे, भाव छापील किमतीच्या आत आहे आणि आदल्या दिवशी सर्वांना होता तोच आहे. तोच दुकानदार वर्षभर पाटी लावून एका धर्माच्या वा एका समाजाच्या ग्राहकांना दहा टक्के सोडू लागला, तर मात्र ती पाटी 'तुम्ही आमच्यापैकी नाही' असे उरलेल्यांना रोज सांगत राहते. दोन्ही ठिकाणी टक्केवारी तीच आहे. फरक आहे तो अपवाद कोणता आणि रोजचा नियम कोणता, यात.

जाता जाता एक नवी गोष्ट. ग्राहकांचे गट आता दुकानदाराने डोळ्यांनी पाहून पाडण्याची गरज उरलेली नाही. मोबाइल कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून एकाच प्रवासाचे वेगवेगळे भाडे दाखविले जाते, अशा तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये दोन प्रवासी वाहतूक कंपन्यांना नोटिसा दिल्या. कंपन्यांनी आरोप नाकारला. मोबाइलचा प्रकार संविधानाच्या यादीत असण्याचे कारणच नाही. हा प्रश्न भेदभावापेक्षा ग्राहकाला अंधारात ठेवण्याचा अधिक आहे.

रहिवासी आणि 'मूळचा'

पंचायतींना सर्वाधिक उपयोगी असा निर्णय १९५५ सालचा आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या वेळच्या मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते. बाहेरच्या विद्यार्थ्यांस मात्र तेराशे वा पंधराशे रुपये भरावे लागत. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आव्हान फेटाळले. निवासस्थान आणि जन्मस्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत, यादीत जन्मस्थान आहे, निवास नाही. आणि राज्य आपला पैसा खर्च करून महाविद्यालय चालविते तर आपल्या रहिवाशांना, जे शिकून बहुधा तेथेच राहतील, त्यांना शुल्कात सूट देणे अवाजवी नाही, असा त्यामागील विचार.

युरोपात याच प्रश्नाचे उत्तर वेगळे आले. इटलीतील व्हेनिसचा डोजचा राजवाडा व इतर काही वस्तुसंग्रहालयांत तेथील ज्येष्ठ रहिवाशांनाच विनामूल्य प्रवेश होता. युरोपीय न्यायालयाने २००३ साली तो अमान्य केला, कारण रहिवासाची अट प्रत्यक्षात परदेशी नागरिकांनाच बाहेर ठेवते. आपल्याकडे अजिंठा-वेरूळला भारतीयांस वेगळा व परदेशी पर्यटकांस वेगळा दर आहे. पंधराव्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिकांना आहे आणि राष्ट्रीयत्व त्याच्या यादीत नाही. राष्ट्रीय महामार्गावरील पथकर नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आतील खाजगी वाहनधारकांना मासिक पास मिळतो, तोही रहिवासाच्याच आधारावर.

मात्र यादीबाहेरचे कारण निवडले म्हणजे पंचायत मोकळी झाली असे नाही. अनुच्छेद १२ नुसार स्थानिक प्राधिकरण हेही 'राज्य'च असते. त्यामुळे अनुच्छेद १४ ची कसोटी तिला लागू होते : पाडलेले गट समजण्याजोग्या फरकावर आधारलेले असावेत आणि त्या फरकाचा ठरावाच्या उद्दिष्टाशी सयुक्तिक संबंध असावा. पिवळ्या शिधापत्रिकेच्या धारकास सभागृहाचे भाडे निम्मे, हे या कसोटीला उतरते. उद्दिष्ट गरिबास मदत हे आहे आणि गरिबी हाच फरक आहे. सरपंचांच्या वॉर्डातील मतदारांस निम्मे, हे उतरणार नाही.

आता त्या सभागृहाच्या ठरावाकडे वळू. पंचायतीने आपली बाजू मांडताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, ही स्थानिकांसाठी सवलत आहे. पण ठरावात 'रहिवासी' हा शब्द नव्हता, 'गावकी' हा होता. पुण्या-मुंबईस तीस वर्षे राहणाऱ्या गावकीच्या माणसाला दोन हजार आणि वस्तीवर रोज चूल पेटविणाऱ्याला पाच हजार, असा त्याचा अर्थ झाला. ही कसोटी निवासाची नव्हे, जन्माची आहे. आणि गावकीची घराणी कोणत्या जातींची हे गावात लहान मुलालाही ठाऊक असल्याने ती जातीचीही आहे. शब्द बदलून कारण बदलत नाही.

दुसरी गोष्ट, राज्य अर्धे तिकीट देते तशीच ही विशेष तरतूद आहे. पण विशेष तरतुदीची मुभा स्त्रिया, बालके, मागासलेले वर्ग, अनुसूचित जाती-जमाती व दुर्बल घटक यांच्यासाठी आहे. येथे ती नेमकी उलट्या दिशेने वापरली गेली. मूळ प्रश्नकर्त्यांच्या उत्तरार्धाचे उत्तर ते हेच.

तिसरी गोष्ट मात्र सहज बाजूला सारण्यासारखी नव्हती. सभागृहाची जागा एका घराण्याने बक्षीसपत्राने दिली होती आणि बांधकाम सुरू झाले तेव्हा गावकीने लोकवर्गणी काढली होती. बाकीचा पैसा सार्वजनिक निधीचा. ज्यांनी पदरचे घातले त्यांना थोडी सूट, यात गैर काय? तत्त्वतः काही नाही. वर्गणी हे यादीतील कारण नव्हे. पण मग ज्याने वर्गणी दिली त्या प्रत्येकास सूट मिळावयास हवी आणि ज्याने दिली नाही त्यास, तो गावकीचा असला तरी, मिळावयास नको. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वर्गणीचे जुने पुस्तक काढून पाहिले. त्यात गावकीतील अकरा घरांची नावे नव्हती. आणि शेवटच्या पानावर श्रमदानाची नोंद होती. वाळू उपसण्यास व पाया खणण्यास आलेल्या वस्तीवरील सात जणांची नावे तेथे होती. मुलीच्या लग्नाचे पाच हजार भरणाऱ्या गृहस्थांच्या वडिलांचे नाव त्यांत चौथे होते.

दरपत्रक तपासण्याची एक साधी रीत यावरून सुचते. सवलतीची यादी वरून खाली न वाचता खालून वर वाचावी. सवलत कोणाला आहे हे पाहण्याऐवजी पूर्ण दर शेवटी कोणाच्या वाट्याला उरतो, ते पाहावे. शंभरांपैकी ऐंशी घरांना जी मिळते ती सवलत नसून नेहमीचा दर असतो, आणि उरलेल्या वीस घरांकडून घेतला जातो तो अधिभार असतो, ठरावात त्याला कोणतेही नाव दिलेले असो. विद्यार्थ्यांच्या पासाची यादी अशी उलटी वाचली तर खाली कमावती माणसे सापडतात. त्या ठरावाची वाचली तेव्हा खाली वस्ती सापडली.

पुढे मासिक सभेत ठराव दुरुस्त झाला. गावात राहत्या सर्व कुटुंबांस अडीच हजार, बाहेरगावच्यांस पाच हजार, पिवळ्या शिधापत्रिकाधारकांस निम्मे, असे नवे दर ठरले. वर्गणी व श्रमदान यांसाठी वेगळी सूट न ठेवता दोन्ही याद्यांतील नावे सभागृहाच्या भिंतीवर एकाच फलकावर लिहावीत, असे ठरले. अडीच हजारांचा फरक त्या गृहस्थांना परत द्यावा की नाही यावर बराच वाद झाला. अखेर तो देण्यात आला. पावती पुस्तक मात्र जुनेच होते. त्यात 'गावकी' आणि 'इतर' असे दोन रकाने छापलेले होते, आणि निम्म्याहून अधिक पाने शिल्लक होती. नवे पुस्तक छापून येईपर्यंत प्रत्येक पावतीवरील ते दोन शब्द तांबड्या शाईने खोडून द्यावेत, असे शिपायास सांगण्यात आले आहे.